तानोआभोवती

फिजीतल्या व्हिती लेवू बेटाच्या पश्चिमेला, बा आणि लौतोकाच्या उसाच्या पट्ट्यात, मंगळवारची संध्याकाळ रामायणाची असते. मंडळीतली माणसं आळीपाळीनं एकेकाच्या घरी जमतात. हार्मोनियम, ढोलक आणि दंडताल यांच्या साथीनं तुलसीदासाच्या चौपाया होतात, आरती होते, प्रसाद वाटला जातो. पोथी कापडात बांधून ठेवली की बायका आत वळतात आणि पुरुष व्हरांड्यातल्या चटईकडे. तिथं प्लास्टिकचं एक मोठं घमेलं येतं. धुवट कापडाच्या पुरचुंडीत राखाडी-पिवळसर पूड बांधलेली असते. एकजण ती गार पाण्यात बुडवून मळतो, दाबतो, पिळतो आणि पुन्हा बुडवतो. हळूहळू घमेल्यातलं पाणी पहिल्या पावसातल्या ओढ्यासारखं गढूळ होतं. मग नारळाची करवंटी भरून एकेकाला दिली जाते. घेणारा खोलगट तळव्यांनी टाळी वाजवतो, करवंटी एका दमात रिकामी करतो, तोंड वाकडं करतो आणि वर मूठभर भूजा टाकतो. भूजा म्हणजे तळलेले वाटाणे, शेंगदाणे, शेव. दोनेक मिनिटांत ओठ आणि जीभ बधिर होतात. आवाज खाली येतात. उसाचा भाव, पोरांची शिक्षणं, ऑस्ट्रेलियाला गेलेला भाऊ असे विषय सावकाश निघत राहतात, आणि ही बैठक मध्यरात्रीच्या पुढेही चालते.

पेयाचं फिजियन नाव यांगोना, फिजी हिंदीत नंगोना, आणि सगळ्यांच्या तोंडी 'ग्रॉग'. बाहेरचं जग त्याला कावा म्हणतं. (केशर-बदामाच्या काश्मिरी कहव्याशी याचा काडीचाही संबंध नाही.)

गोष्ट अवधची आणि पेय पॅसिफिकचं, यात बैठकीतल्या कुणालाही काही विसंगत वाटत नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत लक्षणीय वाटतं ते हेच. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेत कावा बार निघाले, ऑस्ट्रेलियाच्या दुकानांत कावाची पाकिटं आली, आणि 'दारूला पर्याय', 'चिंता उतरवणारं प्राचीन पेय' अशा मथळ्यांनी त्याची नवलाई छापून येऊ लागली. पण हे पेय परक्या माणसांनी मनापासून आपलंसं केल्याची मोठी गोष्ट फ्लोरिडातल्या कावा बारच्या कितीतरी आधी घडून गेली आहे. ती करणारी माणसं बस्ती, आझमगढ, फैजाबाद आणि उत्तर अर्काट जिल्ह्यांतून पाच वर्षांच्या करारावर ऊस तोडायला नेलेली होती. ती गोष्ट समजून घेतली की पुढे जर्मनीत काय फसलं आणि अमेरिकेत काय चाललंय, ते जास्त नीट कळतं.

आधी झाडाविषयी. कावा म्हणजे पायपर मेथिस्टिकम. मिरी, पिंपळी आणि आपली नागवेल याच पायपर कुळातल्या. कावाचं हृदयाच्या आकाराचं पान पाहिलं तर पानवाल्यालाही नातं ओळखू येईल. वापरतात मात्र मूळ. हे माणसाच्या उंचीचं, कधी त्याहून वाढणारं झुडूप आहे आणि त्याला बी धरत नाही. ते वांझ आहे. त्याचा रानटी पूर्वज पायपर विखमनाय, आणि त्यातून हे झाड पहिल्यांदा माणसाळलं ते बहुधा व्हानुआतूमध्ये, असं व्हँसाँ लबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं आहे. बी नाही म्हटल्यावर वाऱ्यानं, पाखरानं किंवा समुद्राच्या लाटेनं ते कुठंही जाऊ शकत नाही. खोडाची कांडी कापून कुणीतरी हातानं लावावी लागते. म्हणजे फिजी, टोंगा, सामोआपासून हवाईपर्यंत आणि तिकडे मायक्रोनेशियातल्या पोहनपेईपर्यंत जिथं जिथं कावा आहे, तिथं तो कुणाच्या तरी होडीत बसूनच गेला. माणसांबरोबर गेल्याशिवाय या झाडाला प्रवासच नाही.

युरोपीय खलाशांना हे पेय १६१६ मध्ये दिसलं. ल मेर आणि स्खाउटेन यांच्या डच मोहिमेनं फुतुना बेटावर कावाचा समारंभ पाहिला. शास्त्रीय नाव दिलं ते कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर वडिलांसोबत गेलेल्या गेओर्ग फोर्स्टरनं. त्या नावाचा अर्थ 'झिंग आणणारी मिरी', आणि तो पुरता बरोबर नाही. कावानं दारूसारखी झिंग येत नाही. मुळातल्या कावालॅक्टोन नावाच्या द्रव्यांनी स्नायू सैलावतात आणि मन निवतं, पण डोकं बहुतांशी जागेवर राहतं. जास्त प्यायलं तर पाय जड होतात आणि झोप येते. भांडण करायला लागणारी ऊर्जाच उरत नाही.

टोंगामध्ये कावाच्या जन्माची कथा सांगतात. दुष्काळाच्या दिवसांत राजा, म्हणजे तुई टोंगा, एउएईकी या छोट्या बेटावर उतरतो. तिथल्या फेव्हांगा आणि फेफाफा या जोडप्याकडे त्याच्यापुढे ठेवायला काहीच नसतं. त्यांना एकच मुलगी, कावाओनाउ, तिला कुष्ठ झालेलं. आईबाप तिला मारून भट्टीत शिजवतात. राजाला हे कळतं, तो न खाता उठतो आणि मुलीला पुरायला सांगतो. तिच्या थडग्यावर दोन रोपं उगवतात. एका उंदरानं पहिलं कुरतडलं आणि तो लडखडला. दुसरं खाल्लं आणि सावरला. पहिलं कावा, दुसरं ऊस. कावानंतर गोड काहीतरी तोंडात टाकायची रीत तिथून आली म्हणतात. आपल्याकडच्या चिलया बाळाची आठवण या कथेनं कुणालाही होईल. फरक एवढाच की इथं मूल परत जिवंत होत नाही. टोंगातला माणूस करवंटी हातात घेतो ती कुणाच्या तरी पोटच्या पोरीची आठवण म्हणून, आणि म्हणूनच समारंभातला कावा हसत-खिदळत घेत नाहीत.

बेटागणिक रीत वेगळी. व्हानुआतूमध्ये संध्याकाळी नकमालमध्ये, म्हणजे कावा प्यायला जमायच्या जागी, ओल्या मुळांचा, दाट आणि जोरदार कावा मिळतो. करवंटी रिकामी करून माणूस अंधाराकडे तोंड करून बसतो; मोठ्यानं बोललेलं कुणाला आवडत नाही. तान्ना बेटावर मुळं अजूनही तरुण मुलं चावून तयार करतात आणि बायकांना त्या जागेजवळ फिरकायची मुभा नसते. तान्नावरच्या प्रेसबिटेरियन मिशनऱ्यांनी कावा पाप ठरवून बंद पाडला होता. १९४० च्या सुमाराला जॉन फ्रम चळवळ उभी राहिली तेव्हा लोकांनी चर्च सोडून ज्या जुन्या गोष्टी आधी परत आणल्या, त्यांत कावा होता. फिजीत मुळं वाळवून, लोखंडी खलात कुटून पूड करतात आणि ती थंड पाण्यात मिसळतात. चार-पाच किंवा जास्त पायांचं लाकडी भांडं, तानोआ, मधे ठेवतात आणि भोवती माणसं बसतात. परक्या गावात पाऊल टाकायचं तर आधी वाळक्या मुळांची जुडी प्रमुखापुढे ठेवायची. याला सेवूसेवू म्हणतात. त्याशिवाय गावात शिरणं हा उद्धटपणा. १९५३ मध्ये इंग्लंडच्या राणीनंही कावा घेतला आणि १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनीही.

आता गिरमिटियांकडे, म्हणजे त्या करारावरच्या मजुरांकडे. पहिलं जहाज 'लिओनिदास' १४ मे १८७९ ला फिजीत पोचलं, शेवटचं 'सतलज' १९१६ मध्ये. दरम्यान साठ हजारांहून थोडे अधिक भारतीय तिथं उतरले. जहाजं कलकत्त्याहून सुटत, १९०३ पासून मद्रासहूनही. मुंबईहून नाही. त्यामुळे मॉरिशसमध्ये मराठी माणसाची जशी जुनी वस्ती आहे तशी फिजीत नाही. काम होतं कोलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीच्या उसात, राहणं 'लाइनीं'त, म्हणजे मजुरांच्या बराकींत, आणि वसाहतीच्या सरकारनं फिजियन गावं आणि भारतीय मजूर यांच्यामध्ये कुंपण उभं ठेवलं होतं. भारतीयांनी फिजियन गावात राहायचं नाही, हा नियम होता. मग यांगोना त्या कुंपणापलीकडून आला कसा?

एका वाटेनं आला असं म्हणता येत नाही. करार संपल्यावर माणसं फिजियन कुळांच्या जमिनी खंडानं घेऊ लागली, शेजार तयार झाला. बाजारात देवाणघेवाण सुरू झाली. वसाहतीच्या काळात बरीच वर्षं भारतीयांना परवान्याशिवाय दारू मिळत नसे; यांगोनावर तशी आडकाठी नव्हती आणि तो स्वस्त होता. पुढे भारतीय दुकानदारांनी पूड पुड्यांत बांधून विकायला घेतली, आणि आजही सुव्हाच्या मुख्य बाजाराच्या वरच्या मजल्यावर मसाल्यांच्या आणि यांगोनाच्या ढिगांमागे दोन्ही समाजांचे विक्रेते दिसतात. समारंभातला मंत्र, कुणी आधी प्यायचं याचा मान, पाहुण्याचा दर्जा हे सगळं भारतीयांनी मागे सोडलं. घेतली ती फक्त बैठक. तानोआच्या जागी घमेलं आलं, बाकी टाळी, करवंटी आणि 'माधा' (संपलं) ही हाक तशीच राहिली. भरून द्यायची तर 'हाय टाइड', अर्धी द्यायची तर 'लो टाइड', हा विनोद दोघांचा सामाईक आहे.

पण खरी उडी निराळीच होती. करवंटी एकच असते आणि ती सगळ्यांच्या ओठांना लागते. ज्या गावांतून ही माणसं आली तिथं उष्ट्याचा विटाळ किती कडक होता हे आपल्याला कुणी सांगायला नको. पाण्याच्या एका लोट्यावरून तिथं माणसं वाळीत पडत. कलकत्त्याच्या डेपोत आणि जहाजाच्या पोटात एका पंगतीला बसावं लागलं तेव्हा जातीची निम्मी मोडतोड झालीच होती. उरलेली, माझ्या मते, या करवंटीनं केली. कुर्मी, चमार, ठाकूर, मद्राशी, मुसलमान एका घमेल्याभोवती बसून एकाच करवंटीनं पिऊ लागले. भारतात सुधारकांनी सहभोजनासाठी पुस्तकं लिहिली, सभा घेतल्या, मार खाल्ला. इथं कुणी काही न बोलता ते घडून गेलं. कोविडच्या काळात आरोग्य खात्यानं करवंटी वाटून पिऊ नका असं बजावलं, तेव्हा प्रत्येकाला आपापला कप आणावा लागला आणि बैठकीची मजा गेली असं लोक कुरकुरले.

याचा अर्थ सगळं गोड झालं असा मुळीच नाही. फिजीतली ८० टक्क्यांहून अधिक जमीन मूळ फिजियन कुळांच्या, मातांगालींच्या, मालकीची आहे आणि ती विकली जात नाही. ऊस पिकवणारा भारतीय शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खंडकरी. खंडाची मुदत वाढवून घ्यायला तो मालकाकडे जाई तेव्हा हातात यांगोनाची जुडी असे. सन्मानाची भाषा तीच, पण तिच्यात विनंती होती आणि नकाराची भीतीही. १९९७ पासून तीस वर्षांचे खंडकरार संपत गेले, अनेकांचे वाढवून मिळाले नाहीत, आणि घरं उचलून माणसं शहरांच्या कडेला झोपड्यांत आली. त्याआधी १९८७ मध्ये सितिवेनी राबुका या लष्करी अधिकाऱ्यानं भारतीयांचं वर्चस्व असल्याचं म्हणत सरकार उलथवलं होतं. तारीख होती १४ मे, 'लिओनिदास'चीच. मे २००० मध्ये जॉर्ज स्पेइटनं संसदेत घुसून पंतप्रधान महेंद्र चौधरी यांना ५६ दिवस ओलीस ठेवलं. ज्यांच्या घमेल्यात तुम्ही आयुष्यभर हात घातला त्या शेजाऱ्यांतलेच काहीजण तुमचं दुकान फोडताना दिसले, असं त्या वर्षांत अनेकांच्या वाट्याला आलं. एका करवंटीनं प्यायल्यानं माणसं एकमेकांच्या जमिनीचे वाटेकरी होत नाहीत, हे फिजीनं दोनदा दाखवलं. २०२३ च्या मे महिन्यात, तेव्हा पंतप्रधान असलेल्या राबुकांनीच भारतीयांची जाहीर माफी मागितली, हेही नोंदवायला हवं.

आणि घरातली बाजू आहेच. ग्रॉगच्या बैठका रात्र रात्र चालतात, सकाळी माणूस कामाला उठत नाही. रोज पिणाऱ्याची कातडी माशाच्या खवल्यांसारखी सुटते. फिजियन भाषेत त्याला कानीकानी म्हणतात, आणि पिणं थांबवलं की ती बरी होते. दारूसारखी मारहाण होत नाही हे खरं. पण नवरा रोज संध्याकाळी घमेल्याकडे आणि आपण चुलीकडे, ही तक्रार बायकांनी केली आहे आणि ती खोटी नाही. फिजीत आता बायकाही बैठकीला बसतात, विशेषतः शहरांत. रामायणानंतरच्या व्हरांड्यात मात्र अजून कमीच.

१९८७ आणि २००० नंतर फिजीचे भारतीय हजारोंनी बाहेर पडले. सिडनीचं लिव्हरपूल, ऑकलंड, कॅनडातलं सरे, कॅलिफोर्नियातलं सॅक्रॅमेंटो ही त्यांची नवी गावं. सामानात पूड होती. सिडनीत किंवा ऑकलंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी 'फिजी इंडियन' दुकानात दालोच्या, म्हणजे अळूच्या, कंदांशेजारी आणि भूजाच्या पाकिटांशेजारी ती पाहिलीही असेल.

जर्मनीतली गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. तिथं कावा पोचला तो बैठकीशिवाय. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जर्मन आणि स्विस औषध कंपन्यांनी कावाचा अर्क गोळ्यांत भरून चिंतेवरचं औषध म्हणून विकला. तो खपलाही प्रचंड. मग यकृताला गंभीर इजा झाल्याचे रुग्ण नोंदवले जाऊ लागले आणि २००२ मध्ये जर्मनीच्या औषध नियंत्रकानं परवाने काढून घेतले. ब्रिटननं २००३ मध्ये बंदी घातली. ज्या बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या लोक बादल्या रिकाम्या करत होते तिथं अशी यकृतं का दिसत नव्हती, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. संशय अनेक बाजूंनी घेतले गेले: पाण्याऐवजी अल्कोहोल आणि अ‍ॅसिटोनमध्ये काढलेला अर्क, मुळाऐवजी वापरलेल्या खोडाच्या साली, बुरशी, रुग्ण घेत असलेली दुसरी औषधं, आणि चुकीच्या जाती. व्हानुआतूत रोज प्यायच्या जातींना 'नोबल' म्हणतात; दुसरा प्रकार 'टू-डे', म्हणजे ज्याचा अंमल दोन दिवस उतरत नाही. स्थानिक माणूस तो रोज पीत नाही. पण तो लवकर आणि भरपूर वाढतो, म्हणून घाऊक खरेदीदाराला स्वस्त पडतो. यातलं एकच कारण खरं असं अजून सिद्ध झालेलं नाही. व्हानुआतूनं २००२ मध्येच कायदा करून फक्त नोबल जातींच्या निर्यातीला परवानगी ठेवली. २०१४ मध्ये कोलोनच्या न्यायालयानं जर्मन बंदी गैर ठरवली. तोवर बारा वर्षांत बेटांवरच्या शेतकऱ्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडमध्ये तिसराच प्रकार घडला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दारूनं पोखरलेल्या आदिवासी वस्त्यांत फिजीहून आलेल्या मिशनच्या माणसांमार्फत, दारूला पर्याय म्हणून, कावा शिरला. हेतू चांगला होता. पण तिथं पिण्याला कसली रीतच नव्हती, वर काळा बाजार उभा राहिला आणि लोक अतोनात पिऊ लागले. २००७ मध्ये सरकारनं व्यापारी आयात बंद केली. मग २०१९ मध्ये प्रवाशाला सोबत चार किलो आणण्याची मुभा मिळाली आणि डिसेंबर २०२१ पासून दुकानांसाठीची आयातही प्रयोग म्हणून सुरू झाली. त्या निर्णयामागे पॅसिफिक देशांशी मैत्री राखण्याचं राजकारण होतं, हे कुणी लपवलेलंही नाही.

अमेरिकेत पहिले कावा बार दक्षिण फ्लोरिडात निघाले, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. आज फ्लोरिडाच्या शहरांत, ॲशव्हिलमध्ये, न्यूयॉर्कमध्ये ते आहेत. बांबूची सजावट, प्लास्टिकच्या किंवा खऱ्या करवंट्या, एकदम सगळ्यांनी 'बुला!' (फिजियन अभिवादन) म्हणून ओरडणं. गिऱ्हाईक कोण? दारू सोडलेली माणसं, लॅपटॉप घेऊन बसलेले विद्यार्थी, रात्री कुठंतरी चारजणांत बसायचंय पण प्यायचं नाही असे लोक. याची चेष्टा करणं सोपं आहे आणि फिजीतली तरुण मुलं ती करतातही. मला ती करवत नाही. दारू सोडलेल्या माणसाला संध्याकाळी सात वाजता बसायला जागा नसते, ही अडचण खरी आहे, आणि ती आपल्याकडेही आहे. अननसाचा किंवा नारळाचा स्वाद घातलेला कावा तो गिळतो ते बसायला मिळावं म्हणून.

गडबड दुसरीकडे आहे. यातले बरेच बार कावाच्याच गल्ल्यावर क्रॅटम विकतात. क्रॅटम हे आग्नेय आशियातल्या, कॉफीच्या कुळातल्या झाडाचं पान. ते अफूसारख्या द्रव्यांच्याच ग्राहींवर काम करतं आणि त्याची सवय लागते. व्यसनातून बाहेर आलेला माणूस कावा समजून नेमका तोच पेला उचलतो, किंवा दोन्ही मिसळलेली छोटी बाटली. हवाईच्या आरोग्य खात्यानं २०२४ मध्ये पाण्यात पारंपरिक पद्धतीनं केलेल्या 'आवा'ला, म्हणजे कावाला, सुरक्षित अन्न मानलं; आंतरराष्ट्रीय अन्न-मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सनंही २०२० मध्ये पाण्यात मिसळून प्यायच्या कावासाठी प्रादेशिक मानक मान्य केलं. दोन्हीकडे शब्द मोजून वापरले आहेत: मूळ आणि पाणी. गोळी, अर्क, बाटलीतलं मिश्रण त्यात बसत नाही. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातले अपो अपोरोसा कावा पिऊन गाडी चालवण्याचा काय परिणाम होतो याचा वर्षानुवर्षं अभ्यास करत आहेत. ते स्वतः फिजियन वंशाचे, बैठकीत बसणारे, आणि म्हणून प्रश्नही तिथलेच विचारतात: सहा तास बसून उठल्यावर काय होतं? प्रयोगशाळेत एक गोळी गिळून ते कळत नाही.

या सगळ्या मागणीचा भार शेवटी मुळांवर येतो. कावा नीट तयार व्हायला तीन ते पाच वर्षं लागतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये विन्स्टन चक्रीवादळानं फिजीतली शेतं झोपवली, माल आटला, आणि सुव्हात पूड इतकी महागली की रोजच्या बैठकीची माणसं पाणी वाढवू लागली. भाव चढला तशी शेतातून रात्री झाडं उपटून नेण्याच्या चोऱ्या वाढल्या. भीतीपोटी काही शेतकरी झाड कच्चं असतानाच काढू लागले, कारण पाच वर्षं राखून पाचव्या वर्षी चोरानं न्यायचं, त्यापेक्षा दोन वर्षांत जे मिळेल ते बरं. कच्च्या मुळात जोर कमी, म्हणून पूड जास्त लागते, म्हणून आणखी मुळं काढायची.

फ्लोरिडातल्या कॅनवर 'पॅसिफिकमधला कावा' एवढं छापलेलं असतं. बेट कोणतं, जात कोणती, झाड किती वर्षांचं, हे त्यावर यावं असा आग्रह व्हानुआतू बरीच वर्षं धरून आहे. घेणाऱ्यानं हे तीन प्रश्न विचारले तर भाव वाढेल, आणि वाढायलाच हवा. बा किंवा लौतोकातला ग्रॉग पिणारा मात्र दुकानदाराला पहिल्यापासून एवढंच विचारतो की पूड वाकाची, म्हणजे बारीक मुळांची, की लेवेनाची, म्हणजे बुंध्याची. वाका महाग. आठवड्यातल्या इतर दिवशी तो लेवेनावर भागवतो, आणि मंगळवारसाठी वाका घेतो.